आरसा चहानंतर

मंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्याचसाठी कात्रीला धार लावून आणायला निघाले होते. जिन्यातच तिची सून अनघा भेटली. "काकू, आई उठतच नाहीयेत," एवढंच म्हणाली आणि माझा हात धरून मला खालच्या मजल्यावर घेऊन गेली. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. आदल्या रविवारी मंदानं माझे केस कापले होते, येत्या रविवारी तिचा नंबर होता. मी तिच्या उशाशी बसले. मानेवर रुळायला लागलेले तिचे केस दिसले आणि अशा वेळी मनात काय यावं… तर हिचे कापायचे राहिले.

हे आमचं केस कापणं कॉलेजरोडच्या एका पार्लरमुळे सुरू झालं. आम्ही दोघींनी एकाच दिवशी लांब केसांना रजा दिली होती. मी पतसंस्थेत, ती शाळेच्या ऑफिसात, रोज सकाळी वेणीत जाणारा वेळ वाचवायचा एवढाच हेतू. बिल आलं त्यात केस धुण्याचे वेगळे, वाळवण्याचे वेगळे आणि कापण्याचे तर होतेच. नंतर उसाचा रस प्यायचा बेत होता तो आम्ही रद्द केला. मी म्हटलं, पुढच्या खेपेला घरूनच धुऊन येऊ. मंदा कळवणची. एरवी शहरी बोलायची, चिडली की तिकडचं बाहेर यायचं. "येऊच कशाला? तू माझे काप, मी तुझे कापते. एवढ्याशा केसांना एवढे पैसे? लय झालं." कल्पना तिची होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

तेव्हापासून इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीची गच्ची, जुनी सुती साडी, प्लास्टिकचं स्टूल आणि झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. महिन्यातल्या एका रविवारी ती माझे कापायची, त्याच्या पुढच्या रविवारी मी तिचे. कुठलं पार्लर किती घेतं याची आम्हाला खडान्खडा माहिती असायची. माझ्या नवऱ्याचे केस कोपऱ्यावरचा दुकानदार शंभर रुपयांत कापतो, वर डोकं चोळून देतो. आमच्या डोक्यावर तेवढेच केस, पण बायकांचे म्हणून सातशे. यावर आम्ही किती रविवार तावातावानं बोललो असू. नियम दोनच होते. कापून घेणारीनं चहा करायचा, आणि आरसा चहानंतर. हा दुसरा नियमही मंदाचाच. "अर्धवट बघितलं की माणूस कुरकुर करतं आणि कापणारीचा हात बिघडतो," असं ती म्हणायची. माझे कापून झाले की मी चहानंतर लगेच आरसा घ्यायचे आणि खूश व्हायचे. तिचे झाले की ती मानेवरून हात फिरवायची, "हलकं वाटलं गं," म्हणायची, कप विसळायची आणि खाली निघून जायची. तिला माझ्यासमोर आरशात बघताना मी कधीच पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिसायची तेव्हा केस कसे अगदी चोपून बसलेले. "तुझ्या हातचे धुतल्यावर बसतात," ती सांगायची. मला ते पटायचं. माझ्या हाताचा गुण म्हणून मी तो चारचौघींत सांगायचे.

नुसतं सांगून थांबले असते तर एक वेळ ठीक. आमच्या महिला मंडळात मी 'घरच्या घरी केशकर्तन' असा कार्यक्रम केला. मंदाला स्टेजवर स्टुलावर बसवलं, मागून डोकं दाखवलं. "बघा, पार्लरची पायरी न चढता." बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक तर पुढं येऊन तिच्या मानेवरची रेघ बोटानं तपासून गेली. मंदा हसत होती. तिचं ते हसू मला फार आवडायचं… आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण दहावा झाल्यावर नाशिकरोडहून शबाना नावाची एक मुलगी भेटायला आली. अनघाशेजारी बसून रडली. मी विचारलं, तुझी आणि मंदाची ओळख कशी? "माझं पार्लर हाय ना, काकू. मंदाकाकू दर महिन्याला यायच्या. शाळा सुटली की सीधा माझ्याकडं. रिटायर झाल्या तरी आल्या." मी म्हटलं, "कशाला?" "कटिंगला. मागून वरखाली असायचे ना केस. मी सेट करून द्यायचे. कोण कापतं विचारलं तर नुसत्या हसायच्या." मी अनघाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. "काकू, आई म्हणाल्या होत्या, तुम्हाला सांगायचं नाही."

म्हणजे अख्ख्या घराला ठाऊक होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या मुलाचा संसार मोडला ते मी आधी मंदाला सांगितलं, नवऱ्याला नंतर. तिच्या नवऱ्याची दारू तिनं मला त्या गच्चीवरच सांगितली. आणि 'तुला नीट कापता येत नाही' हे एक वाक्य तिला इतक्या वर्षांत सांगता आलं नाही? मी भडकले असते, आठवडाभर बोलले नसते. मग बोलले असते की. तिनं मला तेवढंही जवळचं धरलं नाही. माझ्या हाताखाली मान देऊन बसायची आणि दुसऱ्या दिवशी पैसे मोजून माझा हात पुसून यायची. वाचवलं काय मग आपण, मंदा?

पुढच्याच आठवड्यात रागारागानं शबानाकडं गेले. म्हटलं, होऊन जाऊ दे. तिनं अंगाभोवती कापड बांधलं, केस ओले केले, कंगवा फिरवला आणि थांबली. "हे कोणी कापलेत? माझ्याकडच्या पोरींना असे जमत नाय." मी म्हटलं, मंदानं. "असं होय… मैत्रिणीचे कुरळे हायत म्हणून विचारायच्या. मागून कसं घ्यायचं, किती ठेवायचं. इथं उभ्या राहून शिकल्या सगळं." हे ऐकून मी विरघळावं असं तिला वाटलं असावं. मला उलट जास्तच लागलं. म्हणजे शिकायची सोय होती, आणि मंदानं ती एकटीनं घेतली. मला नेलं असतं तर मीही तिथं उभी राहिले असते, तिचे केस नीट कापायला शिकले असते.

शबानानं कात्री उचलली. "किती काढू, काकू?" मी मानेमागं हात नेला. बोटांना ती रेघ लागली, सरळ, कुठंही वरखाली नसलेली. मी कापड सोडलं आणि ओल्या केसांनीच बाहेर आले.

आता केस कानांवर आलेत. नवरा विचारतो, कधी कापणार? राग उतरू दे, असं मी सांगते, आणि ते खोटंही नाही. पण आरशात बघते तेव्हा कळतं, मुळाशी आलेत ते नवे आहेत. टोकं मंदाच्या हातची. कापायला बसले की पहिली तीच जाणार.