मामांचं टेक्निकल

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत असा एकही पेशंट नसेल, ज्याच्या गोळ्यांचं पाकीट माझ्या बायकोच्या मामांनी उलटंपालटं करून वाचलेलं नाही. मामा पिंपरी पेंढारचे, टोमॅटोचे बागाईतदार. फवारणीचं औषध घेताना बाटलीवरचं मोठं नाव ते बघतच नाहीत. खालच्या बारीक अक्षरांतला घटक, त्यांच्या भाषेत 'टेक्निकल', आणि त्याचं प्रमाण बघतात. टेक्निकल तेच असेल तर स्वस्तातली बाटली उचलायची, हा आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याचा शहाणपणा. मामांनी तो माणसांना लावला, एवढंच.

सुरुवात आळेफाट्याच्या मेडिकलमध्ये झाली. स्वतःच्या बीपीच्या गोळीचं त्यांनी टेक्निकल विचारलं. दुकानदार हसला, "मामा, ही टोमॅटोवर मारायची न्हाई." "म्हणून तर इचारतोय राव! टोमॅटोवर मारायची असती तर मलाच ठाऊक असतं." मग पाकीट वाचलं, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं आणि त्यांनी होकार दिल्यावर तोच घटक, तेवढ्याच मिलिग्रॅमचा, जेनेरिकच्या दुकानातून कितीतरी स्वस्तात आणला. झालं! त्या दिवसापासून मामांना आवरणं कठीण. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारच्याला आधी "गोळ्या दाखवा". लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर धापा टाकत बसलेल्या एका अनोळखी बाईलाही यांनी सोडलं नाही. तिला वाटलं, हा देवस्थानाचा माणूस, तिने अख्खी पिशवीच तपासायला पुढे केली. "डॉक्टरला इचारल्याबिगर बदलू नका," हे मात्र प्रत्येकाला बजावत. मला तर तोंडावर म्हणाले, "पावणं, तुमी शिकलेली माणसं. गोळी न्हाई, गोळीचं नाव खाता."

एकच पाकीट मामांनी कधी उलटं करून वाचलं नाही. मामींचं. बीपी मामींनाही होतं, पण त्यांच्यासाठी ते तीच नावाजलेली, महागडी गोळी आणत. मी एकदा छेडलं तर ओशाळून म्हणाले, "आपल्यावर परयोग चालतो वो. तिच्यावर कसा करू?"

गेल्या उन्हाळ्यात मामी टोमॅटोची झाडं तारेला बांधायला गेल्या आणि सरीतच चक्कर येऊन पडल्या. बीपी बघून डॉक्टरीणबाई हबकल्या. "गोळी रोज घेता ना?" मामी पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक दिसाआड घेते. लई महाग हाय ती. हे समद्या गावाला सांगत्यात, महागाची घेऊ नका, अन् मला मातर तीच आणत्यात. मग मीच पुरवून पुरवून खाते." मामा खाटेच्या कडेला बसले होते. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता, आणि कीवही.

मामी बऱ्या झाल्या. आता त्याही जेनेरिक गोळी घेतात, रोज सकाळी, मामांच्या समोर. मामांचा छंद काही सुटलेला नाही. परवाच एका बारशात त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याचं पाकीट मागून घेतलं. पण खिशातून चष्मा काढलाच नाही. गोळ्या काढून रिकाम्या झालेल्या खळग्यांवरून नुसतं बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "रोज खाता ना, भाऊ?"