हेलियममधला दादाचा आवाज

दादा समुद्रात गेला नाही.

कडेगावात, आमच्या अंगणात, खुर्चीवर बसून चहा पिता पिता गेला. आज वर्ष झालं आणि मला अजून कळत नाही.

आम्हाला सगळी भीती पाण्याची. जमिनीची कुणी घातलीच नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. प्रताप, माझा थोरला भाऊ. आमच्याकडची पोरं आर्मीत जातात, हा नेव्हीत गेला. पाणबुडा झाला. मग एका कंपनीत लागला, भर समुद्रात तेलाच्या पाइपलाइनी दुरुस्त करायला.

तेवढ्या खोलवर रोज वर-खाली करता येत नाही. म्हणून जहाजावर एक लोखंडी खोली असते. आत खालच्याइतकाच दाब. आठवडेच्या आठवडे तिथंच राहायचं, तिथूनच कामाला खाली उतरायचं.

आणि श्वासाला आपली हवा नाही. हेलियम, त्यात थोडासा ऑक्सिजन.

"नुसता ऑक्सिजन का नाही रे?" मी विचारलं होतं.

"आगं, तेवढ्या दाबाखाली नुसता ऑक्सिजन म्हंजी इख. आन् हवेतल्या नायट्रोजननं दारू प्यायल्यागत हुतं. मग ऑक्सिजन पातळ करायला हेलियम. बफर गॅस म्हणायचं त्याला. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

मग त्याला बफर गॅस सगळीकडं दिसायला लागला. घरातल्या ट्यूबकडं बोट दाखवून म्हणायचा, "आत पारा हाय, पर आर्गॉन नसंल तर नीट पेटत न्हाई बग."

माझा चष्म्याचा नंबर लेझरनं घालवायला मिरजेला गेलो, तर त्यानं डॉक्टरांनाच विचारलं, "सर, लेझरच्या मशीनमदी गॅस कुठला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर हसले. म्हणाले, "बहुतेक सगळा निऑन. प्रकाश देणारे गॅस चिमूटभर."

दादा इतका खूश, जणू गावाकडचा माणूस भेटला.

पण हेलियममध्ये आवाज बदलतो. चिरका होतो, बदकासारखा. जहाजावर तो सरळ करणारं मशीन होतं, पण ते कामाच्या बोलण्यासाठी. घरच्या फोनला बदकच.

त्यानं तिथून पहिला फोन केला तेव्हा आई म्हणाली, "कोण रं तू? माज्या पोराचा फोन कुटं घावला तुला?"

कट.

परत आला. परत कट. मग तिनं फोन तांदळाच्या डब्यात नेऊन ठेवला.

लय हसलो होतो आम्ही.

मग आमचे वडील, आण्णा, आजारी पडले. मिरजेला ॲडमिट केलं. दादा तेव्हा त्या खोलीत होता. कंपनीनं काम थांबवून त्याला बाहेर काढायला सुरुवात केली, पण बाहेर काढणं म्हणजे खोलीतला दाब हळूहळू उतरवणं. त्याला दिवस लागतात. घाई केली तर सोड्याच्या बाटलीसारखं रक्त फसफसतं, माणूस मरतो.

जहाज जागेवर, दार हाताच्या अंतरावर, आणि बाहेर येता येत नाही.

त्यानं फोन केला. मी आण्णांच्या कानाला लावला.

"आण्णा, मी प्रताप. निघालोय. पर दार उघडत न्हाईत अजून."

आण्णा गोंधळले. माझ्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं. मग एकदम त्यांचा जुना आर्मीतला आवाज लागला.

"कुणी कोंडलंय माज्या पोराला? आवं सिस्टर, दार उघडा की!"

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं आणि जाऊन वॉर्डाचं दार खरंच उघडलं.

आण्णा दाराकडं बघत राहिले. फोनमधून बदकाच्या आवाजात रडणं ऐकू येत होतं. ते ऐकून हसावं की रडावं, मला कळेना. मी दोन्ही केलं.

दादा बाहेर आला तोवर आण्णांची राखसुद्धा सावडून झाली होती.

घरी आल्या आल्या त्यानं एकच विचारलं, "वळखलं का गं मला?"

"ओळखलं. तुझ्यासाठी दार उघडायला लावलं."

"कुठलं दार?"

मी सांगितलं. तो उठून गोठ्याकडं गेला. लय वेळ आला नाही.

वाटलं होतं, नोकरी सोडेल. सोडली नाही. का, ते कधी बोलला नाही. पुढं लग्न झालं, चिऊ झाली. जहाजावरच्या त्या खोलीतून चिऊसाठी व्हॉइस नोट पाठवायचा. गेल्या वर्षी सुट्टीवर आला आणि चहा संपायच्या आत गेला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी विचारलं, समुद्रामुळं? त्या हेलियममुळं? ते म्हणाले, तसं काही सांगता येणार नाही.

मग कुणाला विचारू?

आज वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर चिऊनं वहिनीचा मोबाइल घेतला आणि व्हॉइस नोट लावली. "चिऊताई, जेवलीस का गं?" बदकाच्या आवाजात. पोरगी खुदकन हसली. "बाबा," म्हणाली आणि परत लावली.

तिला त्याचा खरा आवाज आठवत नाही. तिच्या लेखी बाबा असेच बोलायचे.

मी वहिनीला म्हटलं, "सांगायचं का तिला?"

वहिनीनं खरकटी ताटं गोळा केली. मग म्हणाली, "ताई, मलाबी आता त्योच पैला आठवतोय वो."



दादा, असशील तिथं साधी हवा असू दे. येते रे.