सवत नव्हे, सून

आमची वहिनी ज्याला नवं यंत्र शिकवू शकली नाही, असा जीव मराठवाड्यात अजून जन्माला यायचा आहे. पैठणला रेड्याने वेद म्हटल्याची गोष्ट निघाली की बाकीचे लोक हात जोडतात. वहिनी कपाळाला आठी घालून विचारते, "पण भावजी, त्या रेड्याची तयारी किती दिवस चालली असेल? नुसता हात ठेवून भागत नाही हो. आधी त्याच्याशी गप्पा मारल्या असतील." चमत्कारातसुद्धा तिला ट्रेनिंग दिसतं. ती माझ्या थोरल्या भावाची बायको आणि बिडकीनच्या पुढे गाड्यांचे सुटे भाग करणारा जो कारखाना आहे, तिथल्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. त्याच कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. म्हणजे घरी मी तिचा दीर आणि कारखान्यात तिच्यापेक्षा बऱ्याच पायऱ्या खाली; पण ती भर मीटिंगमध्येही मला "भावजी" म्हणून हाक मारते. ऐकून ऐकून मालकही मला भावजी म्हणायला लागले, मग कँटीनवाला, मग गेटवरचा वॉचमन. माझं खरं नाव आता फक्त आधार कार्डावर उरलं आहे.

रोज सकाळी आम्ही तिच्याच गाडीतून निघतो. आम्ही राहतो त्याच शहरात ती लहानाची मोठी झाली. डोळे बांधून सोडली तरी क्रांती चौकातून घरी येईल. तरीही गाडीत बसल्याबरोबर ती मोबाईलवर रस्ता लावते आणि तो सांगेल तसंच जाते. एकदा त्याने आम्हाला अशा गल्लीत घातलं की समोर लग्नाचा मांडव. मी वैतागलो. वहिनी मात्र शांतपणे गाडी बाजूला लावून रस्ता बंद असल्याचं मोबाईलला कळवत बसली. तेवढ्यात मुलीकडच्या एका काकांनी आम्हाला वऱ्हाडी समजून पोह्यांच्या प्लेटी आणून हातात दिल्या. "चूक सांगितली नाही तर ते बिचारं शिकणार कसं?" पोह्यांवर लिंबू पिळत वहिनी म्हणाली. त्या दिवशी आम्ही उशिरा पोचलो, पण जेवूनखाऊन पोचलो.

कोणतंही नवं साधन कारखान्यात नेण्याआधी ते आमच्या अण्णांवर चालवून बघायचं, हा तिचा नियम. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्म वैजापूरकडच्या शेतात गेलेला, आता मुलांपाशी सिडकोत राहतात आणि जे जे नवं असेल त्याच्याकडे संशयाने बघतात. "अण्णा पास, तर कंपनी पास," असं वहिनी म्हणते. बोललं की दिवा लावणारा डबा तिने आणला, तेव्हा अण्णा त्याच्याशी आठवडाभर लेकीसारखे बोलले आणि मग निकाल दिला, "लई गुणाची पोर हाय. पर पाणी आण म्हणलं की उठंना." चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र आलं, तेव्हा तर तिने अण्णांची अक्षरशः परेड काढली. टोपी घालून, टोपी काढून, दाढी वाढवून, दाढी करून. सगळ्यांत यंत्र पास झालं. शेवटी अण्णांनी कवळी काढली आणि यंत्राने त्यांना साफ अनोळखी ठरवलं. वहिनी हळहळली. अण्णा म्हणाले, "राहू दे गं पोरी. कवळी काढली की तुझी सासू बी मला वळखत नव्हती. मशिनीला कामून बोल लावतीस?" पण वहिनीने ते यंत्र परत पाठवलं. कारखान्यात धुळीसाठी तोंडाला फडकं बांधणारी कितीतरी माणसं आहेत, त्यांची हजेरी बुडाली असती. माणसाला साधन जमलं नाही तर दोष साधनाचा, हे तिचं ठाम मत आहे आणि या मतापायी तिने भल्याभल्या विक्रेत्यांना चहा पाजून परतवून लावलं आहे.

आमच्या मालकांचं उलटं. ते प्रदर्शनाला गेले की लहान मूल जत्रेला गेल्यासारखे दिसेल ते घेऊन येतात आणि वस्तू आली म्हणजे काम झालं असं समजतात. "मालक, विळा आणला म्हणजे सोंगणी झाली का?" हे वाक्य त्यांना ऐकवायची हिंमत कारखान्यात एकट्या वहिनीची आहे. मालक दुखावतात, दोन दिवस बोलत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सल्ला विचारायला तिच्याच टेबलाशी येतात.

तर हे मालक एकदा कॅमेरा घेऊन आले. साधासुधा नव्हे, पट्ट्यावरून जाणारा प्रत्येक भाग बघून चांगला कोणता, खराब कोणता ते ओळखणारा. वेळही तशीच आली होती. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, गाड्या बनवणारी कंपनी, खराब भाग येतात म्हणून कुरकुरत होतं आणि काम दुसरीकडे न्यायची भाषा करत होतं. ते काम गेलं असतं तर निम्मा कारखाना बसला असता. मालकांचं गणित सोपं होतं: कॅमेरा बसवायचा आणि तपासणीवर बसणाऱ्या बायकांना रजा द्यायची. या बायका बिडकीनच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या. कुणाचा नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारा, कुणाचा दुसऱ्याच्या शेतात राबणारा. घर चालायचं ते हिच्या पगारावर. वहिनीने मालकांना शब्द दिला की खराब भाग बाहेर जाणार नाही. मग तपासणीच्या खोलीत जाऊन बायकांनाही शब्द दिला, "कॅमेरा आला म्हणून तुमच्यातली एकही घरी जाणार नाही." मी तिला म्हणालो, "वहिनी, दोन दगडांवर पाय ठेवताय." ती म्हणाली, "दोन्ही दगड घट्ट बसवीन. त्यात काय एवढं!"

तसं बरंच काही होतं. कॅमेऱ्याला आधी शिकवावं लागतं. हा भाग चांगला, हा चिरलेला, हा नुसता मळलेला, असं हजार वेळा दाखवावं लागतं, आणि ते दाखवणार कोण, तर याच बायका. त्यांनी पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याचं नाव 'सवत' ठेवून टाकलं. त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या ताराबाईंनी तर हात झटकले. "म्याडम, सवतीला आपल्या हातानं सैपाक शिकवायचा व्हय? आन् मग आपुन उपाशी बसायचं?" मालकांनी नोटीस काढतो म्हटलं. वहिनीने नोटीस काढू दिली नाही. ती रोज दुपारी स्वतःचा डबा घेऊन तपासणीच्या खोलीत जाऊन बसायला लागली. यंत्राचं नाव काढायची नाही. कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाच्या सुनेचे नखरे, सगळं ऐकायची. एक दिवस सुनांवर चांगलीच चर्चा रंगली असताना तिने हळूच काडी टाकली. "ताराबाई, तुम्ही हिला सवत म्हणता तिथंच चुकतंय. ही तुमची सून आहे. नवी आहे, अडाणी आहे, शिकवली नाही तर डोक्यावर बसेल. आता सासूपण करायचं का नाही, ते तुम्ही ठरवा."

मराठवाड्यातल्या बाईला सासूपण देऊ केलं आणि तिने नाकारलं, असं कधी झालंय? दुसऱ्याच दिवशी ताराबाई पदर खोचून कॅमेऱ्यासमोर उभ्या. "बघ गं, ह्ये चिरलेलं. नीट बघ! काल दावलं तरी आज इसरली?" बाकीच्या बायकाही पुढे सरसावल्या. कॅमेऱ्याची चूक सापडली की खोलीत आनंदाची लाट यायची आणि त्या चुकीची चर्चा डबा संपेपर्यंत चालायची. कॅमेरा तयार झाला. इतका तयार झाला, की गिऱ्हाईक कंपनीने पाहणीला माणसं पाठवायचं ठरवलं. ती यायची होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. सगळी यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि दसऱ्याला कारखाना बंद. पूजेच्या दिवशी वहिनी पाहुण्यांच्या तयारीत होती, पूजेत कोण काय करतंय तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, मालक नवा सदरा घालून पुढे, पट्टा सुरू झाला आणि कॅमेऱ्याने पहिला भाग खराब ठरवला. दुसराही. तिसराही. चांगले खणखणीत भाग धडाधड लाल पेटीत पडायला लागले. मालकांना घाम फुटला. कॅमेरा विकणाऱ्या कंपनीची माणसं कॉम्प्युटरवर तुटून पडली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पट्ट्यावरून लोखंड नव्हे, या बायकांचे संसारच लाल पेटीत पडताहेत असं मला वाटलं.

वहिनी कॉम्प्युटरकडे गेलीच नाही. ती सरळ कॅमेऱ्यापाशी गेली, खाली वाकली आणि बघते तर त्याच्या काचेवर मधोमध हळदकुंकवाचा ठसठशीत टिळा, वर अक्षता चिकटलेल्या. प्रत्येक भागावर त्याला तोच डाग दिसत होता. "हे कुणी केलं?" मालक ओरडले. ताराबाई पुढे आल्या. "म्या केलं. घरची सून हाय. सणासुदीला तिचं कपाळ मोकळं ठिवायचं व्हय?" पुसायला धावलेल्या माणसाचा हात त्यांनी धरला. "कुंकू पुसायचं नाय! चांगलं नसतं ते."

आता काय? मालक संतापलेले, पाहुणे थक्क, ताराबाई वाट अडवून उभ्या. वहिनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ताराबाई, कपाळ वर आहे. हा डोळा आहे. कुंकू डोळ्यात गेलंय पोरीच्या."

"अगं बाई! डोळ्यात गेलं व्हय?" म्हणत ताराबाईंनी लगेच पदराचं टोक ओलं केलं, काच हळूच पुसली, फुंकर घातली आणि वरच्या लोखंडी पट्टीवर नवं कुंकू लावलं. पट्टा पुन्हा सुरू झाला. चांगले भाग सरळ पुढे गेले, चिरलेला तेवढा बाजूला पडला. पाहुण्यांमधला वयस्कर साहेब मोठ्याने हसला आणि म्हणाला, तुमच्या माणसांनी हे यंत्र आपलं मानलंय. तीच संधी धरून वहिनी मालकांकडे वळली. "मालक, सून आली म्हणून सासूला कुणी घराबाहेर काढत नाही. पाहुण्यांसमोर एकदा बोलून टाका." पाहुण्यांसमोर मालक काय करणार? बोलले. काम टिकलं, बायकाही टिकल्या. कारखान्यात पेढे वाटले गेले, आणि एक कॅमेऱ्यापुढेही ठेवला गेला.

मालकांनी शब्द पाळला, खोटं कशाला बोलू. एकाही बाईला त्यांनी घरी पाठवलं नाही. फक्त वयाने जी निवृत्त होईल तिच्या जागी दुसरी घेतली नाही. यंदा ताराबाई निवृत्त झाल्या. साडीचोळी झाली, भाषणं झाली, आणि जाताना त्यांनी वहिनीचा हात धरला. "म्याडम, माझ्या नातीला लावा की माझ्या जागंवर. पोर लई हुशार हाय." वहिनी मालकांकडे गेली, पुन्हा पुन्हा गेली. मालक म्हणाले, "जागाच कुठं आहे? तुमची सून करतेय की सगळं." त्या संध्याकाळी गाडीत तिने मोबाईलवर रस्ता लावला नाही. गाडी गेटबाहेर काढत म्हणाली, "मी कुणाला घरी पाठवलं नाही, भावजी. पण आता घरून कुणाला आणताही येत नाही."

पण ती हातावर हात धरून बसणारी नाही. दर रविवारी ती बिडकीनला ताराबाईंच्या ओसरीवर जाते. बरोबर एक जुना कॅमेरा असतो, स्टोअरमधले मोडके भाग असतात आणि ते उचलायला मी. गावातल्या पोरी जमतात. त्यांना ती तपासणी शिकवत नाही. कॅमेरा कसा बसवायचा, कसा शिकवायचा, चुकला तर कसा वळणावर आणायचा, ते शिकवते. ताराबाई मागे बसून पोरींवर डाफरतात.

परवा तिथून परतताना पैठण रोडला वहिनीने अचानक विचारलं, "काम मिळेल ना हो या पोरींना?" आजवर तिने मला सूचना दिल्या होत्या, कामं दिली होती, असं काही कधी विचारलं नव्हतं. मी साधा स्टोअरवाला, मला काय कळतं? मी "मिळेल" म्हणालो, आणि जरा मोठ्यानेच म्हणालो.