मुलुंडमध्ये पगार विचारतात

रत्नागिरीच्या बंदरावर आगबोटीत चढताना नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुन्हा बजावलं, "मुलाचा पगार तोंडावर विचारू नकोस. बरं दिसत नाही." धाकटी बहीण कुसुम गावच्या शाळेत शिकवत होती. तिच्यासाठी मुलुंडचं स्थळ पाहायला मी निघालो होतो. न विचारता पगार कळायचा कसा, हे नानांना विचारायचं राहून गेलं.

भाऊच्या धक्क्यावर उतरून दुपारपर्यंत मुलुंड गाठलं. सरळ आखलेले रस्ते, पश्चिमेला हिरवे डोंगर, मधूनच कारखान्याचा भोंगा. मी भलत्याच इमारतीत शिरलो. जिन्याखाली सायकल पुसणाऱ्या एका गृहस्थांनी पत्ता सांगितला आणि लगेच म्हणाले, "मधुकरकडे ना? दोन खोल्या आहेत. पगडी (जागा मिळवताना भाड्याशिवाय द्यायची रक्कम) हजार दिली त्याने. तुम्हाला किती मिळतात?"

"चाललंय," मी म्हणालो.

"चाललंय म्हणजे किती?"

मी ऐकलं न ऐकलंसं करून बाहेर पडलो.

मधुकर कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्याच्या आईने बांगड्याचं तिखलं (झणझणीत कालवण) आणि भात वाढला. "जेवल्याशिवाय जावचा नाय (जायचं नाही)," म्हणाल्या. दुसऱ्या घासालाच मधुकरने सुरुवात केली, "मूळ पगार एकशे चाळीस. महागाई भत्ता वेगळा. फंडात मी घालतो तेवढेच मालक घालतात. इथे सहकारी सोसायटी निघतेय, तिच्यात नाव दिलंय. जागेचे भाव वाढणार." मी ताटाकडे बघत राहिलो.

"आता बहिणीचं सांगा. त्यांना किती मिळतात?"

"ती पाकीट नानांकडे देते. मला माहीत नाही."

"आणि नोकरी सोडून इथे आल्या, तर फंडाचे पैसे त्यांच्या हातात येतील ना?"

"मधू, जेवू दे त्यांका," आई म्हणाल्या. मग भात वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "ह्यांचो पगार माका ते गेल्यार कळलो (यांचा पगार मला ते गेल्यावर कळला)."

मला राग यायला हवा होता. तो येईना.

घरी पोचल्यावर नानांनी ओटीवरच विचारलं, "अंदाजे किती असेल?"

मी रुपयांसकट सांगितलं. त्याने कुसुमचाही पगार विचारला, हेही सांगितलं. नानांचा चेहरा उतरला. "उद्धट दिसतो. नको हे स्थळ."

कुसुम दारात उभी होती. "मग तू काय सांगितलंस, दादा?"

"माहीत नाही म्हटलं."

"पंच्याऐंशी," ती म्हणाली. "आणि मला हे स्थळ चालेल, नाना."

माझा पगार तिच्याहून कमी होता. तो तिने विचारला नाही, आणि मीही सांगितला नाही.

मुलुंडची माणसं निर्लज्ज, की आम्हीच भलत्या गोष्टीची लाज बाळगत आलो, ते मला अजून ठरवता येत नाही. आठवड्याने नानांनी होकाराचं पत्र लिहायला घेतलं. वैशाखात बैठक झाली. देण्याघेण्याचं सगळं कुसुम आणि मधुकर समोरासमोर बोलले. नाना आणि मी पानाच्या तबकाकडे बघत बसलो.