लेकीच्या नणंदेला दंड

“नाव काय म्हणून काय इचारता? माझं नाव तुमाला ठावं न्हाय व्हय, तात्या? तुमच्या लेकीची नणंद हाय मी! लग्नात मानाची साडी तुमीच दिलीया मला. ती काय बिननावाच्या बाईला दिली हुती?”

आमची थोरली बहीण, आक्का, पळसदेवच्या काठाला होडीत उभी राहून ओरडत होती. उजनी धरणाचं पाणी उतरलेलं, जुन्या देवळाचं शिखर बाहेर आलेलं, आणि त्या शिखरावर बसलेले बगळे तिच्या आवाजाने जे उडाले ते थेट डाळज गावात माझ्या खानावळीच्या पत्र्यावर येऊन बसले, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. काठावर घोटाभर चिखलात, पँट गुडघ्यापर्यंत मापात दुमडून, गळ्यात स्वतःचं ओळखपत्र अडकवून तात्या उभे होते. त्यांनी पावतीपुस्तकातला कार्बन सरळ केला आणि मघाच्याच आवाजात पुन्हा विचारलं, “संपूर्ण नाव?”

तात्या म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे सासरे. ब्रह्मदेवाने ह्या माणसाचा आधी चेहरा केला की आधी ओळखपत्र, हा प्रश्न मला त्यांच्याकडे पाहून कायम पडत आला आहे. बारामतीपासून इंदापूरपर्यंत असा एक जीव दाखवा, ज्याला त्यांनी कधी ना कधी “कार्ड बघू” म्हटलेलं नाही; मी त्याला माझ्याकडे आठवडाभर मच्छी थाळी फुकट खाऊ घालतो. जलाशयात मासे धरायचा परवाना ज्याला मिळेल त्याला फोटोचं ओळखपत्र द्यायचं आणि ज्याच्याजवळ ते नसेल त्याला दंड करायचा, एवढंच त्यांचं सरकारी काम. जन्मभर त्यांनी ही दोनच कामं केली. फरक एवढाच, की इतर माणसं नोकरी कचेरीत करतात, तात्यांनी ती घरी, दारी, लग्नात आणि मयतातसुद्धा केली.

लग्नाचं उदाहरण तर माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. माझा भाऊ नवरदेव होऊन मांडवात उतरला. सासऱ्याने जावयाचे पाय धुवायचे. तात्या तांब्या घेऊन वाकले, मध्येच थांबले आणि हळूच म्हणाले, “जावईबापू, आधार कार्ड आणलंय का?” भाऊ बिचारा फेट्याच्या आत घामाने निथळत होता. कार्ड माझ्या खिशात होतं म्हणून वेळ निभावली. तात्यांनी ते उन्हात धरून पाहिलं आणि नवरदेवाला म्हणाले, “मुंडावळ्या जरा वर करा, कपाळ जुळवायचंय.” भटजी मुहूर्त टळतोय म्हणून कासावीस झाले, तर तात्या त्यांना म्हणतात, “चुकीच्या माणसाला लेक दिल्यावर मुहूर्त काय कामाचा?” भटजींनी मग आपणहून स्वतःचं कार्ड दाखवलं.

कोळी लोक फोटो काढायला इंदापुरापर्यंत येत नाहीत, म्हणून तात्या स्कूटरवरून फोटोवाल्याला घेऊन काठाकाठाने हिंडायचे. मागे पांढरा पडदा हवा, हा नियम. त्यासाठी ते घरातली पलंगपोसाची जोडी घेऊन निघत. दोन माणसांनी होडीत चादर धरायची, पुढे परवानाधारकाने बसायचं. “दात दाखवायचे न्हाईत. सरकारला दात बघायचे न्हाईत.” परिणाम असा, की आमच्या काठावरची सगळी माणसं कार्डावर नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसतात. घरी त्या चादरींना चिलापी माशाचा वास इतका मुरला, की तात्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, “ह्यांच्या पलंगावर झोपलं की सपनातसुद्धा मी पवतीया.”

आणि हा न्याय दुसऱ्यांपुरताच नव्हता. एके दिवशी सकाळी पळसदेवला यायला निघाले आणि वाटेत त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या वाहन परवान्याची मुदत काल संपली. तिथेच स्कूटर बंद करून, उतरून, ती ढकलत परत इंदापूरला घेऊन गेले. अंतर किती ते सांगत नाही, तुम्हाला खोटं वाटेल. वाटेत एक ओळखीचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, “तात्या, पेट्रोल संपलं का?” तर म्हणाले, “पेट्रोल हाय. अधिकार संपलाय.” माझ्या खानावळीत आले, की आधी भिंतीवरचा अन्न परवाना वाचायचे, मुदत बघायचे, आणि मग मीठ मागायचे. व्याह्यांकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून मी एकदा बिल केलं नाही, तर बिल येईपर्यंत दोन तास हात न धुता बसून राहिले.

तर अशा माणसाशी सोयरीक करून आम्ही मनातून खूश होतो. काठावरचा परवानेवाला आपला पाहुणा! आता आपल्या आक्काला कुणाची भीती? आक्का आणि दाजी दोघं मिळून मासे धरायचे. दाजी जाळं टाकायचे, आक्का वल्ही मारायची. खरं तर जाळंही तीच टाकायची, दाजी विडी ओढत दिशा दाखवायचे. पण कार्ड दाजींच्या नावावर. कार्डामागे मदतनीस म्हणून एक नाव लिहिता येतं. ते लिहा म्हटलं, तर दाजी हसून म्हणाले होते, “बायकूचं नाव काय लिव्हायचं? ती काय कामाला हाय व्हय माझ्याकडं?” मग एका पावसाळ्यात दाजी आजारी पडले आणि गेले. शेत वारसाने मिळतं, घर मिळतं, होडीसुद्धा मिळते. पण कार्ड माणसाबरोबर जातं. आक्काच्या पदरात दोन शाळकरी लेकी, एक होडी, चार जाळी, आणि पाण्यात उतरायला कागद नाही.

मी पेढे घेऊन तात्यांकडे गेलो. पेढ्यांचा पुडा त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर ठेवायला लावला. मी म्हटलं, “तात्या, घरातलीच हाय. एक कार्ड काढून टाका.”

“घरातली हाय, कबूल. पाण्यातली हाय ह्याचा कागद कुठं हाय?”

नियम असा निघाला, की नवं कार्ड हवं तर आपण तीन वर्षं स्वतः ह्या पाण्यात मासेमारी करतो ह्याचा लेखी पुरावा द्यायचा. आणि कार्ड नसताना मासेमारी केली तर दंड. म्हणजे कार्डाशिवाय मासे धरायचे नाहीत आणि मासे धरल्याशिवाय कार्ड नाही. हा नियम ज्याने कुणी केला त्याला मला एकदा जेवायला घालायचं आहे, चिलापीचे काटे न काढता. मी तात्यांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “वर्षात पहिल्यांदा सापडली तर दंड. त्याच वर्षात दुसऱ्यांदा सापडली तर होडी जप्त. आक्काला सांगून ठेवा.” मी पेढे घेऊन परत आलो आणि रागाच्या भरात सगळे एकट्याने खाल्ले.

त्यानंतर काही महिन्यांनीच तात्या काठावर हजर झाले, ती ही सकाळ. मी खानावळीसाठी मासळी न्यायला आलेलो, वीस-पंचवीस होड्या आजूबाजूला, सगळे वल्ही थांबवून मजा बघतायत. शेवटी आक्काने दात खाऊन नाव सांगितलं. तात्यांनी तिचं, तिच्या वडिलांचं, सासरचं, एकेक अक्षर मोत्यासारखं लिहिलं.

“धंदा?”

“तुमची पूजा करायचा.”

“धंदा?”

“दिसत न्हाय का? मासं धरतीया.”

“मासेमारी,” असं मोठ्याने म्हणत त्यांनी लिहिलं. मग होडीचं वर्णन, जाळ्याची लांबी, बादलीतले मासे, ठिकाण, वेळ. बारशाला पाळण्याचं नाव लिहावं इतक्या प्रेमाने ती पावती लिहिणं चाललं होतं, आणि माझं डोकं तापत होतं. मी पैसे काढले. त्यांनी माझा हात बाजूला केला. “दंड ज्याचा त्यानं भरायचा.” आक्काने कनवटीचे पैसे चिखलात फेकले. तात्यांनी ते उचलले, पुसले, आणि पावती दोन्ही हातांनी तिला दिली. “जपून ठेवा.”

त्या दिवसापासून आम्ही तात्यांना वाळीत टाकलं. माझी भावजय, म्हणजे तात्यांचीच लेक, बारामतीत भावाच्या घरी आमच्या सगळ्यांच्या तोंडाला कशी पुरली असेल ते तिचं तिला माहीत. नातवाचा पहिला वाढदिवस बारामतीला मोठ्याने केला, छापील पत्रिका काढल्या, आणि मी स्वतः यादीतून सख्ख्या आजोबाचं नाव खोडलं. तरी तात्या आले. पण आत येईनात. फाटकाबाहेर उन्हात हातात चांदीचा वाळा घेऊन उभे. मी म्हटलं, “आता काय मांडवाचं तोरण पायजे व्हय? या की आत.” तर म्हणतात, “पत्रिका मिळालेली न्हाय.” शेवटी भावजय पोराला कडेवर घेऊन आणि एक पत्रिका घेऊन बाहेर आली. त्यांनी पत्रिका वाचली, तारीख तपासली, खिशात घातली आणि मग नातवाला घेतलं. पोराने पहिला हात घातला तो त्यांच्या गळ्यातल्या कार्डाला. सगळे हसले. मी हसलो नाही. मी तेव्हा फार करारी होतो.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आक्काला पुन्हा पकडलं, तिसऱ्या वर्षी पुन्हा. दरवर्षी एकदाच. बाकी वर्षभर त्यांची स्कूटर महामार्गापासूनच हॉर्न वाजवत यायची, इतका की पळसदेवची कुत्री आधीच काठ सोडून जायची. आक्का होडी आत लव्हाळ्यात घालायची, तात्या काठावर येऊन पाणी बघायचे आणि परत जायचे. ह्या माणसाचे कान गेले आहेत आणि अक्कलही, असं मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो. पकडायचं असलं, की मात्र पायी यायचे. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी मासळी शिजवतो, विचार करत नाही.

मग इंदापुरात नव्या अर्जांच्या पडताळणीला वरचे एक साहेब आले. आक्काने अर्ज केला होता. मी बरोबर गेलो. तिने पिशवीतून रेशन कार्ड काढलं, आधार काढलं, सरपंचाचं पत्र काढलं, शाळेतला लेकींचा दाखला काढला. जिथे जिथे धंद्याचा रकाना होता तिथे एकच शब्द: घरकाम. साहेब चांगला माणूस होता, त्यालाही वाईट वाटत होतं. म्हणाला, “बाई, मासेमारीचा काही तरी लेखी पुरावा असेल ना?” आक्काने दोन्ही तळहात पुढे केले. वल्ह्यांचे घट्टे, जाळ्याच्या दोऱ्याने कापलेली बोटं. साहेबाने बघून मान खाली घातली. “हे फाइलला कसं लावू?”

तेवढ्यात कपाटाजवळून तात्यांचा आवाज आला. “साहेब, यांच्यावर कारवाई झालेली हाय.”

त्या क्षणी मी कपाटासकट तात्यांना उचलून उजनीत टाकलं असतं. पण तात्यांनी शांतपणे तीन पावत्यांच्या, कचेरीत राहिलेल्या स्थळप्रती टेबलावर मांडल्या. आक्काला काय वाटलं कोण जाणे, तिनेही पिशवीच्या तळातून आपल्या तीन पावत्या काढल्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, रागाने जपलेल्या. साहेब वाचत गेला. आक्काचं संपूर्ण नाव. धंदा, मासेमारी. होडी एक, वल्हवणारी स्वतः. जाळं स्वतः टाकलेलं, समक्ष पाहिलं. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष.

“गुन्हा कबूल आहे?” साहेबाने विचारलं.

“कबूल हाय, दंड भरलाय,” उत्तर तात्यांनीच दिलं. “ दंड भरलेला असला तर अर्जाला आडकाठी न्हाय, नियम मागल्या पानावर हाय.”

साहेबाने मागलं पान वाचलं, पुढचं वाचलं आणि तिन्ही पावत्या ओळीत लावल्या. “म्हणजे आपलंच कार्यालय तीन वर्षं लिहून देतंय, की ही बाई स्वतः मासेमारी करते.”

“मी काय म्हणत न्हाय,” तात्या म्हणाले. “कागद म्हणतोय.”

आक्का बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिला पाणी दिलं आणि तिच्याआडून स्वतःही डोळे पुसून घेतले, मिरचीचा हात लागला असं सांगून. पंधरा दिवसांनी काठावर तीच चादर धरली गेली, आक्का पुढे बसली, आणि तात्यांनी सांगूनही तिने दात दाखवले. तो एकच हसरा फोटो त्यांनी आयुष्यात मंजूर केला.

आता आक्काची थोरली लेक बारामतीला नर्सिंगला आहे. नवं कार्ड मोबाइलवर येतं, कुणी नाव विचारत नाही, कुणी चिखलात उभं राहत नाही. तात्या निवृत्त झाले. जाताना गळ्यातलं कार्ड जमा करून गेले, आणि अजून बोलता बोलता त्यांचा हात रिकाम्या छातीवर जाऊन चाचपत राहतो. तेवढं मला बघवत नाही. इतकी वर्षं ज्याला मी गिऱ्हाइकांसमोर शिव्या घातल्या, त्याचे आभार कसे मानायचे हे मला जमत नव्हतं. मागच्या महिन्यात ते खानावळीत आले, चिलापी मागवली आणि एकेक काटा ताटाच्या कडेला ओळीत लावत बसले. मी समोर बसलो आणि धीर करून विचारलंच. “तात्या, खरं सांगा. काठावर एवढ्या होड्या. तीन वर्षं नेमकं आक्कालाच कसं पकडलंत?”

त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “बाकीच्यांकडं कार्डं हुती.”