वीस पावलं सरकलेली शीव

खून, दरोडे पुष्कळ पाहिले; पण निवृत्तीनंतर कुणी एखादी केस सांगा म्हटलं, की डोळ्यांपुढे शेंदूर फासलेला एक दगड उभा राहतो.

चाकणजवळच्या ठाण्यात मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना साठीच्या एक विधवा बाई आल्या. कंपन्यांच्या रस्त्याला लागून त्यांची चिंचोळी पट्टी होती आणि तिच्यावर कामगारांची खानावळ. "साहेब, आमच्या गावची शीव सरकलीया," त्या म्हणाल्या. ठाणे अंमलदार हसला. मलाही हसू आलं होतं, हे कबूल करतो.

त्या दोन दिवस भोसरीला लेकीकडे गेल्या होत्या. परतल्या तर पट्टीच्या मागे, बाभळीखाली असलेला शिवेचा दगड वीस पावलं पुढे, त्यांच्या चुलीसमोर आलेला. चार दिवसांनी सरकारी मोजणी होती. बाकीच्या खुणा रस्त्याच्या कामात गेल्यामुळे मोजणीदार तोच दगड धरणार आणि पट्टी शेजारच्या गावात, मागच्या शेतकऱ्याकडे जाणार. साक्षीला कुणी नव्हतं. जुनी माणसं जमिनी देऊन पांगली होती आणि भाडेकरूंना शीव कुठली ठाऊक?

"शिफ्ट सुटली की शंभर मानसं जेवत्यात माज्याकडं," त्या म्हणाल्या. "ही चूल गेली तर मी कुटं जाऊ?"

गुन्हा अदखलपात्र. कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येत नाही. एका दगडासाठी कशाला धावपळ, असं अंमलदाराचं तोंड सांगत होतं. मी त्यालाच परवानगी आणायला पिटाळलं.

परवानगी आली तसा जागेवर गेलो. दगडाला ताजा शेंदूर, पुढे फोडलेला नारळ, उदबत्तीची राख. चोर मुद्देमालाची पूजा करत नाही. इथे केली होती, म्हणजे पूजा सांगणाराही असणार. शेजारच्या गावचा म्हातारा गुरव गाठला. त्याने काही लपवलं नाही.

"द्येव जागचा हलवायचा म्हंजी कौल घ्यावाच लागतो, साहेब. दोनदा डावा आला, म्हंजी नगं. तिसऱ्यांदा उजवा आला, मग हलवला." कौल मागणारा होता मागचाच शेतकरी, बाईंच्या भावकीतला, नात्याने दीर.

त्याला जबाबाला बोलावलं. "दगड पैल्यापासनं तितंच हाय," हे त्याने तीनदा न अडखळता सांगितलं. मी आवाज चढवला नाही. चहा पाजला आणि दगडापाशी नेलं. "यावर हात ठेवा आणि हेच बोला." त्याने हात उचलला आणि मागे घेतला.

"शिवंच्या तिकडं कंपन्या आल्या, आमच्याकडं बाजरीच ऱ्हायली. माती तीच, भावकी तीच. शेताला रस्ता न्हाई म्हनून पोराला कुनी पोरगी देत न्हाई."

मला त्याची दया आली. पण शपथेला हात न लावणं हा कोर्टात पुरावा होत नाही. मूळ जागा त्यानेच दाखवली, पंचांसमक्ष खणलं. हातभर खाली कोळसा लागला. दगड हलला तरी खूण राहावी म्हणून जुने मोजणीदार खाली कोळसा पुरत. दगड वाहून नेताना हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पंचनामा झाला, दगड जागेवर गेला, मोजणी बरोबर झाली. पुढे त्याने कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला.

पंचनाम्यावर अंगठा उठवताना बाई त्याला एवढंच म्हणाल्या, "दगडाला तीनदा इचारलंस. मला एकदा इचारायचं व्हतंस."

तोवर गुन्हा माणसाच्या डोक्यात जन्मतो असं मी समजत होतो. ही शीव कुणा जुन्या अमलात शेतसाऱ्याच्या वसुलीसाठी आखली गेली. पुढे सरकारने तिच्याच आधाराने एका गावात कारखाने आणले आणि दुसरं वगळलं. रेघ आखणाऱ्यांनी तिथे राहणाऱ्यांना विचारलं नाही, आणि तीच सवय खाली झिरपत या माणसापर्यंत आली. पुढच्या नोकरीत जमिनीचं भांडण आलं की मी आधी विचारायचो, ही हद्द कुणी घातली?

बाईंनी पट्टीच्या कडेने दिराला गाडीवाट दिली, आपखुशीने, लिहून. वर्षभरात मुलाचं जमलं. लग्नाला मीही होतो. वरात खानावळीपाशी थांबली, वाजंत्री गप्प झाली आणि वरबाप पुढे आला.

"वैनी, वरात न्यू का?"

पिठाचे हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "ने की. इचारलंस, भरून पावले."