उजेडात येऊन बोल

माझ्या तासाला बसून उत्तर दिलेलं चालत नसे. उठायचं, मान वर करायची, हात खाली सोडायचे, माझ्याकडे बघायचं आणि पूर्ण वाक्यात बोलायचं. मी ‘बस’ म्हणेपर्यंत उभं राहायचं. कुणी तोंडासमोर वही धरून बोललं की मी ती वही काढून घ्यायची. नारायण पेठेतल्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवत होते आणि खडूस म्हणून माझी ख्याती होती. “तुमच्या वर्गात मुलं उत्तरं देतात की कोर्टात साक्ष?” असं आमचे गणिताचे सर विचारायचे. मी हसायची. लोक मला कडक समजतात याचं मला बरंच वाटायचं, कारण खरी गोष्ट वेगळी होती. मला ऐकू येत नव्हतं.

ते एका दिवसात झालं नाही. तिशी उलटल्यावर एका तापानंतर कानांना दडे बसल्यासारखं झालं आणि मग कान कधी मोकळे झालेच नाहीत. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या; त्या मोजायचं काम नवऱ्याकडे गेलं. मग चिमण्या गेल्या. मग माणसांच्या बोलण्यातली धार गेली. आवाज यायचा, पण शब्द विरघळून यायचे. डॉक्टरांनी नस कमजोर झाल्याचं सांगितलं आणि कानामागे लावायचं यंत्र दिलं. त्या काळातलं यंत्र. मी ते एकदा वर्गात लावून गेले. बाक सरकले, पंखा घरघरला, खिडकीबाहेर रिक्षा सुरू झाली, आणि सगळं एकाच आवाजात डोक्यात घुसलं. त्यात मुलं कुठेच नव्हती. संध्याकाळी बिबवेवाडीला घरी आले आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं.

पण तोवर मला दुसरं काही जमायला लागलं होतं. ओठ वाचता येत होते. ओठच नाही, सगळा चेहरा. कुणाला समजलंय, कुणाला समजलेलं नाही आणि कोण समजल्याचा आव आणतंय, हे मला फळ्यापाशी उभं राहून दिसायचं. पाठीमागच्या बाकावर एखादीच्या भुवया जवळ आल्या की मी तोच मुद्दा नव्याने सांगायची. कानांनी ऐकत होते तेव्हा मी इतकी चांगली शिक्षिका नव्हते, हे मी आजही म्हणेन. यात बढाई नाही. नाइलाजाने मी मुलांकडे बघायला शिकले, एवढंच.

कुणाला सांगितलं का नाही, असं लोक आता विचारतात. त्याला एक घरचं कारण आहे. माझे आजोबा लहानपणी शाळेत गेले ते व्हरांड्यात बसायला. आत घेत नसत. भिंतीआडून जेवढं ऐकू येईल तेवढं शिकायचं. फळा दिसायचा नाही. पुढे घराण्याने बौद्ध धम्म घेतला, वडील सरकारी कचेरीत कारकून झाले, आणि मी बी.एड. करून वर्गाच्या आत, फळ्याच्या बाजूला उभी राहिले. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. आजोबांना नुसतं ऐकू येत होतं आणि मला नुसतं दिसत होतं. पण मी आत होते. तिथून बाहेर जायची माझी तयारी नव्हती.

मग दिवस बदलले. पेठेतली घरं पाडून इमारती उठायला लागल्या, जुनी माणसं उपनगरांत फ्लॅट घेऊन गेली. ज्या घरांतून आमच्या शाळेत पिढ्यानपिढ्या मुलं यायची, त्या घरांतल्या मुलांना इंग्रजी शाळेची बस न्यायला येऊ लागली. आमच्याकडे येणारी मुलं आता मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायकांची, वॉचमनची, विदर्भातून कामासाठी आलेल्या लोकांची होती. वर्गातली डोकी कमी व्हायला लागली तशी आम्हा शिक्षकांना शाळा बंद पडायची भीती वाटायला लागली. शाळा टिकायची तर काहीतरी नवीन दाखवायला हवं होतं. अशात हडपसरच्या एका आयटी कंपनीने शाळेला संगणक आणि प्रोजेक्टर देऊ केला. बरोबर शिक्षकांना शिकवायला एक तरुण इंजिनिअरही पाठवला.

त्याचं शिबिर दर शनिवारी दुपारी भरायचं. आधुनिक वर्गात शिक्षकाला काय काय यायला हवं, ते तो पडद्यावर दाखवायचा. मुलगा गोड होता. “मॅडम, कंटेंट तर आता क्लिकवर आहे. तुमचं स्किल प्रेझेंट करण्यात आहे,” असं म्हणायचा. आमच्यातले निम्मे लोक डुलक्या काढायचे. मी पहिल्या बाकावर बसून त्याच्या ओठांकडे टक लावून बघायची. त्याला वाटायचं, बाईंना फार रस आहे. रस होताच. घरी माझ्या मुलाच्या संगणकावर बसून मी नकाशे करायला शिकले, नद्यांना निळा रंग दिला, एकामागून एक उपनद्या पडद्यावर उमटतील अशी रचना केली. वीस वर्षं खडूने जे काढत होते, ते आता चमकत होतं. मला त्याचा आनंद झाला होता, हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी वेगळंच धरलं.

अडचण खोलीची होती. तळमजल्यावरची एक खोली ‘ई-क्लास’ म्हणून ठरली. तो प्रोजेक्टर इतका मंद होता की थोडाही उजेड आला तर पडद्यावरचं पुसट व्हायचं. म्हणून खिडक्यांना काळं कापड ठोकलं आणि दारालाही जाड पडदा लावला. मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबले. समोर पडदा उजळलेला आणि मुलं बसली होती तिथे नुसता काळोख. चेहरे गेले होते.

“एक खिडकी उघडी ठेवली तर?” मी विचारलं.

“मॅडम, मग दिसणारच नाही ना काही,” इंजिनिअर म्हणाला.

मी टाळायला लागले. माझा ई-क्लासचा तास दुसऱ्यांना देऊन टाकायची. आज घसा बसलाय, आज चाचणी आहे, आज वर्गातच फळ्यावर उजळणी घेते. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी चार लोकांत मला टोकलं. “अहो, रोज गॅस पेटवता ना? त्यापेक्षा सोपं आहे ते.” शिक्षकांची खोली हसली. जुन्या बाई संगणकाला घाबरतात, असा माझ्यावर शिक्का बसला. ज्यांना मी फाइल कशी उघडायची ते शिकवलं होतं, तेही मला धीर द्यायला लागले. घाबरट म्हणवून घेणं मला परवडत होतं.

शेवटी एकदा तास घ्यावाच लागला. आठवीचा वर्ग, कृष्णा आणि भीमा यांची खोरी. नकाशा उमटला, मी बोलत गेले, बोलण्याला काही अडचण नव्हती. मग सवयीने विचारलं, भीमा कोणत्या नदीला मिळते? काळोखात कुणीतरी उभं राहिलं असावं. एक घुमारा माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मी वाट बघितली. मग म्हणाले, “बरोबर. बस.” आणि पुढे सरकले. थोड्या वेळाने एक मुलगी टेबलाशी आली आणि पडद्याच्या उजेडात हळूच म्हणाली, “बाई, त्याने गोदावरी सांगितलं.” तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. मला जपून काहीतरी द्यावं तसं तिने ते दिलं. ही मुलगी वॉचमनची, यवतमाळकडून आलेली, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.

पुढच्या आठवड्यात तोच वर्ग, तीच खोली, आणि तपासणीसाठी मागे खुर्च्या टाकून मोठ्या बाई आणि तो इंजिनिअर बसलेले. मी ठरवलं होतं की प्रश्न विचारायचेच नाहीत. पण प्रश्नाशिवाय मला शिकवता येत नाही. अर्धा तास झाल्यावर तोंडून निघून गेलं, “भीमा कुठे उगम पावते, सांगेल कुणी?”

काळोखात हालचाल झाली. ती मुलगी बाकांमधून चालत पुढे आली आणि प्रोजेक्टरच्या झोतात, पडद्यासमोर, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. अख्खा नकाशा तिच्या अंगावर पसरला. गालावरून भीमेची निळी रेघ गेली होती. डोळ्यांवर झोत येत होता तरी तिने ते मिटले नाहीत. हात खाली सोडले, मान वर केली आणि सावकाश म्हणाली, “भीमा नदी भीमाशंकर येथे उगम पावते.”

मला प्रत्येक अक्षर दिसलं. “बस,” मी म्हणाले.

ती गेली आणि न बोलावता दुसरा मुलगा तिथे येऊन उभा राहिला. मी पुढचा प्रश्न विचारला. मग तिसरा आला. एकजण जागेवरूनच बोलायला लागला असावा, कारण शेजारच्याने त्याला ढकलत झोतात आणलं. मी प्रश्न विचारत होते, मुलं येत होती, उत्तर देत होती, आणि माझ्या तोंडून आवाज कसा निघत होता कोण जाणे, कारण तोवर मला सगळं कळलं होतं. या मुलांना ठाऊक होतं.

तास संपल्यावर इंजिनिअर खूश होऊन आला. “मॅडम, काय इंटरॅक्टिव्ह सेशन झालं. ही मेथड मी सगळ्या शाळांत सांगणार.” मोठ्या बाई त्याच्यामागे उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनीही आयुष्य वर्गात काढलं होतं.

त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि समोरासमोर बसल्या. टोमणे मारणारी ती बाई त्या दिवशी ओठ मोठे करून, हळूहळू बोलली. “कधीपासून?”

मी सांगितलं.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर वर्ग दिला असता तुम्ही?”

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “नसता दिला,” म्हणाल्या. “आणि आता मला कळलंय. उद्या पालकांना कळलं तर शाळेचं काय होईल, ते तुम्हीच सांगा. आधीच मुलं कुठे आहेत आपल्याकडे?” त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं म्हणणं खोटं आहे असंही म्हणता येईना. मी निवृत्तीपर्यंत ग्रंथालय सांभाळायचं ठरलं.

वर्ग सोडण्याआधी मी त्या मुलीला जिन्यात गाठलं. “तुला कुणी सांगितलं गं माझं?”

“आम्हाला पाचवीतच सांगतात, बाई. वरच्या वर्गातली मुलं.”

“काय सांगतात?”

“भूगोलाच्या बाईंच्या तासाला तोंडासमोर काही धरायचं नाही. उजेडात येऊन बोलायचं.” ती घुटमळली. “आणि बाईंना कळू द्यायचं नाही.”

मी ज्याला माझी शिस्त समजत होते, ती मुलं एकमेकांना शिकवत आली होती. कितीतरी वर्षं. एकालाही कधी ते घरी जाऊन सांगावंसं वाटलं नाही, एकानेही कधी माझी नक्कल केली नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या घ्यायला गेले.

ग्रंथालयात उजेड भरपूर होता. पुस्तकं मागायला मुलं खिडकीपाशी येऊन उभी राहायची. पण पुस्तक दिलं की ती निघून जायची, आणि प्रश्न विचारायला माझ्यासमोर कुणी उरायचं नाही. वरच्या मजल्यावर नवीन बाई भूगोल शिकवत होत्या. पावलांनी छत हलल्याचं मला जाणवायचं. कुणी कितीही समजूत घातली तरी ते दुःख गेलं नाही. मी शाळेत होते आणि वर्गाबाहेर होते. आजोबांसारखी.

निवृत्त होऊनही आता बराच काळ झाला. मुलाने चांगलं, छोटं यंत्र घेऊन दिलंय. घरात ते उपयोगी पडतं. रस्त्यावर मात्र सगळे हॉर्न कानात ओततं, म्हणून बाहेर पडताना मी काढून ठेवते.

मागे एकदा संध्याकाळी बिबवेवाडीत भाजी घेऊन परतत होते. एक स्कूटर पुढे जाऊन थांबली. आपल्याकडे मुली गाडीवर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधून घेतात, तशी एक मुलगी उतरली. मी ओळखलं नाही. तिने हेल्मेट काढलं. मानेमागची गाठ सोडली, स्कार्फ फिरवत फिरवत काढला, मग बाजूच्या मेडिकलच्या दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जाऊन माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. हात खाली सोडले. तेव्हा मी ओळखलं, प्रोजेक्टरच्या झोतात आलेली तीच.

“बाई, मी हडपसरला कंपनीत आहे. मीटिंगमध्ये अजून मी उठून उभी राहून बोलते. सगळे हसतात मला.”

एवढं बोलून ती थांबली. पीएमटीच्या बसमागे गाड्या तुंबल्या होत्या, तिची स्कूटर मधे उभी म्हणून मागचे लोक वैतागले असणार. ती हलली नाही. स्कार्फ मुठीत धरून, मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. ती कशाची वाट बघतेय, ते मला कळलं. पुष्कळ वेळ मी ‘बस’ म्हणालेच नाही.